झुकणाऱ्या चाकाला कारचा टायर

अमेरिकेतल्या लांबलचक महामार्गांवर मोठ्या टुरिंग मोटरसायकली नेहमीच दिसतात. चालक एकदा बसला की पाचसहाशे किलोमीटर अंतर कापूनच उतरतो. अशा एखाद्या गाडीच्या मागे आपली गाडी चालली असेल आणि नजर तिच्या मागच्या चाकावर गेली, तर क्वचित काहीतरी खटकते. दुचाकीचा टायर पाठीकडून गोलसर असतो. हा मात्र सपाट, चौकोनी कडांचा. तो चक्क कारचा टायर असतो.

ही काही चुकून झालेली गोष्ट नाही. असे मुद्दाम करणाऱ्या चालकांचा तिथे एक गटच आहे. ते स्वतःला गमतीने ‘डार्कसायडर’, म्हणजे ‘काळ्या बाजूला गेलेले’ म्हणवतात. टायर कंपन्या आणि मोटरसायकल कंपन्या याला स्पष्ट नकार देतात. अनेक दुकानदार असा टायर बसवून द्यायला तयार नसतात. तरीही वर्षानुवर्षे हे चालले आहे आणि करणारे म्हणतात, ‘आम्हाला काहीच झाले नाही.’ मग बरोबर कोण? टायर नेमके काय काम करतो, हे समजून घेतल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

मोह कशाचा?

आधी या मंडळींची बाजू ऐकू. त्यांची सर्वात आवडती गाडी म्हणजे होंडाची ‘गोल्ड विंग’. ही मोटरसायकल १९७५ मध्ये बाजारात आली. २००१ मध्ये आलेल्या तिच्या आवृत्तीला १८३२ सीसीचे सहा सिलिंडरचे इंजिन होते आणि वजन ४०० किलोच्या आसपास. त्यावर दोन माणसे आणि सामान. एवढे ओझे आणि इंजिनाची सगळी ताकद मागच्या एका टायरमधून रस्त्यावर उतरते. साहजिकच तो लवकर झिजतो. वर्षाला हजारो मैल फिरणाऱ्याला जवळजवळ प्रत्येक हंगामात नवा टायर घ्यावा लागतो आणि तो महाग असतो. कारच्या टायरचे रबर तुलनेने कडक असते. तो दुप्पट-तिप्पट चालतो आणि स्वस्तही पडतो, असे वापरणारे सांगतात.

मापही जवळजवळ जुळते. या गाडीचा मागचा टायर १८०/६० आर १६ मापाचा. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा सांगतो की बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. डार्कसायडर मंडळी त्या जागी बरेचदा १९५/५५ आर १६ हा कारचा टायर लावतात. हिशेब केला तर पहिल्याचा एकूण व्यास सुमारे ६२२ मिलिमीटर येतो आणि दुसऱ्याचा सुमारे ६२१. रुंदी १५ मिलिमीटरने जास्त, उंची तीच. शिवाय वजन पेलण्याची क्षमता कारच्या टायरची अधिक. मूळ टायरवरचा भारांक ७४, म्हणजे ३७५ किलो. कारच्या या मापाच्या टायरवर तो सहसा ८७ असतो, म्हणजे ५४५ किलो. कागदावर पाहिले तर सौदा फायद्याचाच वाटतो.

जास्त रुंद म्हणजे जास्त पकड?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. टायर रुंद असला की रस्त्याला टेकणारा भाग खूप वाढतो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात टायरमधली हवाच मुख्यतः वजन पेलते. त्यामुळे टेकणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ प्रामुख्याने दोन गोष्टींवर ठरते : चाकावरचा भार आणि हवेचा दाब. मागच्या चाकावर २८० किलो भार आहे आणि दाब ४० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.८ किलो आहे, असे धरू. भागाकार केला तर उत्तर येते १०० चौरस सेंटिमीटर. बोटे सोडून राहिलेल्या तळहाताएवढी ही जागा. टायरची भिंत ताठ असेल तर या आकड्यात थोडा फरक पडतो, पण चित्र बदलत नाही.

रुंद टायर लावला की बदलतो तो या ठशाचा आकार. दुचाकीच्या गोल टायरचा ठसा लांबट, होडीसारखा. कारच्या टायरचा आडवा, चौकोनी. गाडी सरळ उभी धावत असताना हा आडवा ठसा उत्तम काम करतो. महामार्गावर स्थिर वाटते, सरळ रेषेत ब्रेक लावताना मागचे चाक चांगले धरते. डार्कसायडर जे समाधान सांगतात, ते खोटे नाही. पण तो अनुभव प्रामुख्याने सरळ रस्त्याचा आहे.

पेला गोल का फिरतो?

कार वळते तेव्हा तिची चाके जवळपास उभीच राहतात. चाके थोडी तिरकी होतात, रबर मुरडते आणि त्या मुरडण्यातून बाजूचे बल मिळते. दुचाकीला वळायचे तर झुकावेच लागते.

घरात एक सोपा प्रयोग करून पाहा. खाली निमुळता होत जाणारा स्टीलचा पेला फरशीवर आडवा ठेवून ढकला. तो सरळ जात नाही, गोल फिरतो. झुकलेला गोल टायर रस्त्यावर असाच वागतो. त्याचा टेकलेला भाग जणू शंकूचा एक तुकडा असतो आणि तो गाडीला आपसूक वळणाकडे ओढतो. दुचाकीच्या टायरची पाठ गोल ठेवण्याचे कारण हेच. गाडी कितीही झुकली तरी खाली तसाच गोलावा येतो, टेकण्याची जागा मध्यावरून कडेकडे हळूहळू सरकते आणि चालकाला कुठेही धक्का जाणवत नाही.

सपाट टायर झुकवला की काय होते? टेबलाची एक बाजू उचलून पाहा. सगळा भार दुसऱ्या बाजूच्या पायांवर जातो आणि टेबल पुन्हा खाली बसू पाहते. कारचा टायरही थोडे झुकताच आतल्या कडेवर उभा राहू लागतो. रस्त्याचा वरचा रेटा मध्यापासून दूर, त्या कडेवर लागतो आणि गाडीला पुन्हा सरळ उभी करू पाहतो. टायरची भिंत दबते म्हणून थोडा भाग टेकलेला राहतो, पण वळण संपेपर्यंत चालकाला हँडलवर जोर धरून ठेवावा लागतो. रस्त्याला चाकोरी पडलेली असेल किंवा तो कडेला उतरता असेल, तर हाच टायर गाडीला आपल्या मनाने इकडेतिकडे नेतो. सवय झाली की हे जाणवेनासे होते, असे वापरणारे सांगतात. सवय माणसाला होते. टायरवर लागणारे बल मात्र तेवढेच राहते.

आणीबाणीचा क्षण

आता आकडे पाहू. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जायचे तर दुचाकी सुमारे ३० अंश झुकावी लागते. त्याच वळणात वेग ७० असेल तर सुमारे ३८ अंश. वेग फक्त १० किलोमीटरने वाढला, पण बाजूच्या पकडीची गरज तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढली. वळण अंदाजापेक्षा आवळत गेले, समोर खडी आली किंवा कुणी आडवे आले, तर चालकाला आणखी झुकवावेच लागते. तोही क्षणार्धात.

गोल टायर नेमका या क्षणासाठी घडवलेला असतो. त्याच्या कडेचे रबर आणि आतले थर झुकलेल्या अवस्थेतला भार घेण्यासाठीच असतात. कारच्या टायरचा खांदा आणि भिंत या कामासाठी बनवलेली नाहीत. रोजच्या प्रवासात चालक क्वचितच या मर्यादेपर्यंत जातो. म्हणून हजारो किलोमीटर काही होत नाही. टायरची खरी परीक्षा त्या एकदोन सेकंदांत असते.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. टायरच्या आतल्या कडेत पोलादी तारेचे कडे असते. हवा भरली की ते रिमच्या खाचेत घट्ट बसते. इंचांतले माप सारखे असले तरी कारच्या आणि मोटरसायकलच्या रिमची ही बैठक सारखी नसते. म्हणूनच मोटरसायकलच्या टायरवर मापाबरोबर ‘एम/सी’ ही अक्षरे असतात. न जुळणारा टायर बसवताना कड जागेवर जाईना की हवेचा दाब वाढवत नेण्याचा मोह होतो. अशा वेळी तार तुटली तर टायर स्फोटासारखा फुटतो आणि शेजारी बसवणारा माणूस असतो.

‘मला काही झाले नाही’

डार्कसायडर मंडळींचा सर्वात मोठा पुरावा म्हणजे त्यांचा स्वतःचा अनुभव. तो प्रामाणिक आहे, पण अपुरा आहे. ज्याचा अनुभव चांगला, तो आनंदाने सांगत फिरतो. ज्याने एका घाबरवणाऱ्या वळणानंतर टायर काढून टाकला, तो सहसा गप्प बसतो. जो वळणात पडला, त्यालाही अनेकदा कळत नाही की चूक वेगाची होती, खडीची की टायरची. तुलना करायची तर सारख्या गाड्या, सारखे रस्ते आणि दोन्ही प्रकारच्या टायरांवर कापलेली अंतरे समोर ठेवून अपघात मोजावे लागतील. औषधाच्या बाबतीत आपण हेच म्हणतो : शेजाऱ्याला गुण आला, एवढ्यावर औषध सिद्ध होत नाही.

जिथे झुकण्याचा प्रश्नच नाही, तिथे कारचा टायर चालतो, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. साइडकार जोडलेल्या मोटरसायकलींना कारचे टायर लावतात. मागे दोन चाके बसवून तीनचाकी केलेल्या गोल्ड विंगलाही तेच असतात. दोन्ही गाड्या वळताना झुकत नाहीत. टायर कुठल्या गाडीचा यापेक्षा ती गाडी वळते कशी, हे महत्त्वाचे.

आपल्यासाठी काय?

आपल्याकडे दुचाकीला कारचा टायर लावणारे विरळा. पण तेच शास्त्र आपल्या दारातल्या गाडीलाही लागू आहे. रोज सरळ रस्त्याने कामावर जाणाऱ्यांच्या मागच्या टायरची पाठ मध्येच झिजते आणि हळूहळू सपाट होते. म्हणजे गोल टायर आपोआप कारच्या टायरसारखा होत जातो. ‘हल्ली गाडी वळणात जड वाटते, मग एकदम कलंडल्यासारखी होते’, ही तक्रार अनेकदा यातूनच येते. कडेची नक्षी शाबूत दिसते म्हणून आपण टायर बदलत नाही. मग पावसाळ्यात घाट उतरताना याच टायरवर भरवसा ठेवतो.

दिसायला छान म्हणून मूळ मापापेक्षा बराच रुंद टायर अरुंद रिमवर चढवणारेही कमी नाहीत. रिम अरुंद असली की टायर चिमटला जातो आणि त्याचा गोलावा बिघडतो. भारतीय मानकांतही दुचाकी-तीनचाकीच्या टायरांसाठी आयएस १५६२७ आणि कारच्या टायरांसाठी आयएस १५६३३ अशी वेगळी मानके आहेत. दोन्ही टायरांची कामे वेगळी, म्हणून कसोट्याही वेगळ्या.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत दुचाकीवरचे ७४,८९७ जण होते. यातले सगळे टायरमुळे गेले, असे मुळीच नाही. पण दुचाकीस्वाराला सावरायला पुढचा आणि मागचा असे दोनच ठसे असतात.

म्हणून पुढच्या वेळी हवा भरायला थांबाल तेव्हा दोन मिनिटे खाली वाका. टायरवरचे माप गाडीच्या पुस्तिकेतल्या मापाशी ताडून पाहा. हवा टायर थंड असताना, पुस्तिकेत दिलेल्या दाबाइतकीच भरा. ‘टीडब्ल्यूआय’ या खुणेच्या रेषेत, खाचेच्या तळाशी असलेला उंचवटा टायरच्या पाठीच्या पातळीला आला असेल तर टायर बदला. आणि मागे उभे राहून पाठीवरून आडवा हात फिरवा. गोलावा हाताला लागला पाहिजे. मध्ये सपाट पट्टा लागला, तर कडेची नक्षी कितीही चांगली दिसली तरी नवा टायर घ्यायची वेळ झाली आहे.