डिझेलची वही आणि न्यूट्रलचा मोह

ज्या घरात ट्रॅक्टर आहे त्या घरात दोन वह्या असतात. एक दुधाची आणि एक डिझेलची. बहुतेक ठिकाणी दोन्ही लिहिणारी घरातली बाईच असते. उसाचा हंगाम सुरू झाला, खेपा लागल्या, की डिझेलची वही भराभर भरू लागते आणि महिनाअखेरीला बेरीज केली की छातीत धस्स होतं. गॅस कसा वाचवावा, तेल कसं पुरवावं, याच्या नाना युक्त्या आपल्याला पाठ असतात. पण २०२५ साली ९० रुपयांच्या घरात गेलेल्या या डिझेलचं काय? विचारायला जावं, तर "गाडीतलं बायकांना काय कळतंय?" हे उत्तर तयारच असतं.

मैत्रिणींनो, कळायला ते मुळीच अवघड नाही. मी बी.ए. झालेली, शाळेत अर्धवेळ मराठी शिकवणारी बाई. पण आमच्या वाळवा तालुक्यात ऊस आणि ट्रॉली यांच्यावाचून कुणाचं पान हलत नाही. तेव्हा ड्रायव्हरला विचारून, मेकॅनिकला भंडावून सोडून आणि दोन उन्हाळी सुट्ट्यांत स्वतः चाकावर बसून मला जे समजलं, ते सांगते.

आधी गियरचं बघू. डोक्यावर भरलेला हंडा असताना आपण जिन्याच्या दोन दोन पायऱ्या एकदम चढतो का? नाही. एकेक पायरी, बेताबेतानं. पावलं जास्त पडतात, पण दम लागत नाही. खालचा गियर म्हणजे ही एकेक पायरी. इंजिन जास्त वेळा फिरतं, चाक कमी फिरतं, ताकद मात्र वाढते. वरचा गियर म्हणजे दोन दोन पायऱ्या. हात रिकामे असतील तर झटपट आणि कमी श्रमात काम होतं. डोक्यावर हंडा असेल तर गुडघे बोलू लागतात.

पुष्कळ ड्रायव्हरांची समजूत अशी असते, की वरच्या गियरला डिझेल कमी लागतं, म्हणून भरलेली ट्रॉलीसुद्धा वरच्याच गियरमध्ये रेटायची. अर्धी गोष्ट खरी आहे, म्हणून तर ती फसवते. ओझ्यापुढे इंजिन दबलं, की फेरे टिकवण्यासाठी पंप त्यात डिझेल ओततच राहतो, पण ते सगळं जाळायला पुरेशी हवा आत नसते. मग काळा धूर येतो. कंदिलाची वात जास्त वर केली की काच काजळते ना? ज्योत मोठी दिसते, उजेड वाढत नाही, रॉकेल मात्र जातं. तसंच हे. चुकीच्या गियरमुळे डिझेलचा खर्च तीस टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, असं इंधनबचतीचं काम करणारी पीसीआरए ही सरकारी संस्था शेतकऱ्यांना सांगत आलेली आहे. तेव्हा ट्रॉली भरलेली असताना धुराड्यातून सतत काळे लोट निघत असतील, तर एक गियर खाली घ्यायला सांगा. गियर उतरवूनही धूर थांबला नाही, तर एअर फिल्टर बघायला हवा. हंगामात रस्त्यावर इतकी धूळ असते, की तो लवकर तुंबतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो.

आता दुसरी बाजू. खेपेचा अर्धा रस्ता रिकाम्या ट्रॉलीचाच असतो, हे आपण विसरतो. जाताना ऊस, येताना वारा! ही परतीची वाट बचतीची खरी जागा. रिकामी ट्रॉली आणि सपाट रस्ता असेल, तर गियर वरचा घ्यावा आणि रेस कमी ठेवावी. तोच वेग, पण इंजिनाचे फेरे कमी. होतं काय, की ओझं उतरलं म्हणून ड्रायव्हरच्या अंगात वारं भरतं आणि रेस पूर्ण ओढून तो गावाकडे सुटतो. वर गाणी इतकी मोठ्यानं लावलेली, की अख्ख्या गल्लीला कळावं ट्रॅक्टर आला! गाण्यांवर माझा राग नाही. पण गियर हा कानानं ओळखायचा असतो. इंजिन कण्हत असेल तर गियर खाली, उगाच किंचाळत असेल तर वर. इंजिनाचा आवाजच ऐकू येत नसेल, तर बिचारा ओळखणार कसा?

कारखान्याच्या यार्डातली रांगही वहीत शिरते बरं का. वजनकाट्यापाशी तासन्‌तास गाड्या उभ्या असतात आणि कित्येकांची इंजिनं चालूच असतात. नुसतं उभं राहून चालणारं इंजिन तासाला साधारण अर्धा-पाऊण लिटर डिझेल पितं. बंद का करत नाहीत, असं विचारलंत तर उत्तर मिळेल, "पुन्हा चालू नाही झाला तर?" म्हणजे दोष बॅटरीत किंवा स्टार्टरमध्ये असतो आणि भुर्दंड डिझेलच्या वहीवर पडतो. बॅटरीचा खर्च पुढं ढकलण्यात शहाणपण नाही, हे घरातल्या पुरुषांना वहीच दाखवून पटवा.

चढाचा नियम सोपा आहे: गियर चढाच्या पायथ्याशी ठरवायचा, मध्यावर नाही. पुष्कळ ट्रॅक्टरांत चालता चालता गियर सहज बदलत नाही. मध्यावर इंजिन दमलं आणि क्लच दाबून गियर काढला, की त्या क्षणी ट्रॉलीला धरून ठेवायला ब्रेकशिवाय काहीच नसतं. ती मागं ओढू लागते. ओढ्यावरचा किंवा कालव्याच्या पुलाचा चढ दिसायला एवढासा असतो, पण तिथंच हे घडतं. आणखी एक गोष्ट, उसाच्या मोळ्या भरताना बघा. ओझं फार मागं गेलं, तर हूक वर उचलला जातो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते आणि चाकं जागेवरच फिरून डिझेल जाळतात. फार पुढं आलं, तर चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होऊन उचलू पाहतात, मग स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येते. उतार आला की गियर काढून न्यूट्रलवर गाडी सोडायची. "तेवढंच डिझेल वाचतं, वहिनी," असं मला किती जणांनी सांगितलं असेल! सांगणारे प्रामाणिक असतात. पण डिझेल वाचत नाही. कसं ते ऐका.

ट्रॅक्टरच्या पंपात गव्हर्नर नावाचा एक कारभारी बसलेला असतो. आपण रेसची दांडी जिथं ठेवू, तेवढेच फेरे इंजिनानं करावेत, हे बघणं त्याचं काम. गाडी गियरमध्ये ठेवून, रेस पूर्ण कमी करून उतरलं, की चाकंच इंजिनाला फिरवतात. फेरे ठरलेल्यापेक्षा जास्त झालेले दिसताच कारभारी डिझेलचा पुरवठा जवळजवळ बंद करून टाकतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सिक्स पिकअपमध्ये हेच काम संगणक करतो. न्यूट्रलमध्ये मात्र चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटलेला असतो. मग इंजिनाला स्वतःच्या जिवावर धुगधुगत राहावं लागतं आणि त्यासाठी डिझेल लागतंच.

हिशेब करू या. एक किलोमीटरचा उतार, ताशी १५ किलोमीटर वेगानं, म्हणजे चार मिनिटं. तासाला पाऊण लिटर धरलं, तर चार मिनिटांत ५० मिलिलिटर, म्हणजे ९० रुपयांच्या भावानं साडेचार रुपये. आणि हे साडेचार रुपये वाचत नाहीत, उलट खर्च होतात! गियरमध्ये उतरलं असतं, तर तेवढेही लागले नसते.

यावर कुणी म्हणेल, की न्यूट्रलवर गाडी लांबपर्यंत घरंगळत जाते, त्याचं काय? जाते ना. पण मागं टनावारी ऊस आहे, मग ती हवी तिथं थांबेल का? बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. गियरमध्ये असताना इंजिन गाडीला मागं धरून ठेवतं. ही मदत न्यूट्रलमध्ये संपते. ब्रेक तापून ढिले पडतात. जोरात दाबावेत, तर ट्रॅक्टर थांबू पाहतो आणि ट्रॉली मागून ढकलत राहते. मग ती बाजूला सरकते, ट्रॅक्टरला आडवा करते आणि उलटवते. ट्रॅक्टरचे डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगळे असतात, ते शेतात वळण्यासाठी. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल जोडणारा खटका लावलेला नसेल, तर एकाच बाजूचा ब्रेक लागतो आणि हेच सगळं आणखी लवकर होतं.

काहीजण तर उतारावर इंजिनच बंद करतात. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ, कात्रजच्या नव्या बोगद्याकडून येणाऱ्या उतारावर, एका ट्रकनं कित्येक गाड्यांना धडक दिली. चालकानं उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं प्राथमिक तपासात पुढं आल्याच्या बातम्या तेव्हा तुम्हीही वाचल्या असतील. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. ती हवा इंजिन चालू असेल तरच भरली जाते. बंद इंजिनानं दोन-चार वेळा ब्रेक दाबले, की टाकीतला साठा उतरू लागतो. स्टिअरिंगही जड होतं.

आता आपल्याकडे, म्हणजे वही लिहिणाऱ्यांकडे वळते. काही घरांत खेपेला ठरावीक लिटर डिझेल देतात आणि उरेल ते ड्रायव्हरचं. काही ठिकाणी रोज संध्याकाळी "आज एवढं कसं लागलं?" अशी उलटतपासणी होते. ड्रायव्हर म्हणजे वीस-बावीस वर्षांचा पोरगा, घरची ओढग्रस्त. मग उतार आला की त्याचा हात आपोआप न्यूट्रलकडे जातो. त्याला तिथं ढकलणारी गोष्ट आपल्याच वहीत असते, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या घरी मी ती पद्धत बंद करायला लावली. थोडी कुरकुर झाली, सासऱ्यांनी मात्र माझीच बाजू घेतली. आता उरलेलं डिझेल कुणाचंच नाही, आणि हंगामाच्या शेवटी गाडी धडधाकट राहिली तर ड्रायव्हरला वेगळी बक्षिसी.

हिशेब रोजचा न मांडता आठवड्याचा मांडा. रविवारी टाकी काठोकाठ भरायची, पुढच्या रविवारी पुन्हा तितकीच. मध्ये जेवढं डिझेल घातलं, त्यात दुसऱ्या रविवारचं धरून, तेवढा त्या आठवड्याचा खर्च. त्याच्यासमोर वजनाच्या पावत्यांवरून किती टन ऊस गेला ते लिहायचं आणि टनाला किती लिटर पडलं ते काढायचं. एखाद्या दिवशी पावसानं रान चिखलाचं झालं, किंवा यार्डात रात्र काढावी लागली, तर रोजच्या हिशेबात तो दिवस ड्रायव्हरच्या नावावर चोरीसारखा दिसतो. आठवड्यात तो मिसळून जातो. आकडा सलग दोन आठवडे चढता दिसला, तर मात्र चौकशी करा. सुरुवात टायरपासून. शेतात हवा जरा कमी चालते, रस्त्यावर ओझं ओढताना जास्त लागते. किती ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ट्रॉलीचे टायर तर आपण विसरूनच जातो. मऊ टायर म्हणजे कणिक सैल झालेली पोळी, लाटणं पुढं सरकतच नाही. त्यानंतर एअर फिल्टर. मग डिझेलच्या नळीचे जोड, कापडानं पुसून तासाभरानं पुन्हा ओले दिसतात का ते. आणि ड्रायव्हरला एकच विचारा, की क्लचवर पाय ठेवून तर चालवत नाहीस ना? तशानं क्लच घसरतो, इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचत नाही आणि प्लेट जळते ती निराळीच.

वहीत आणखी एक रकाना आखून घ्या: यार्डात इंजिन चालू ठेवून किती तास उभं राहिलं त्याचा. ड्रायव्हर अंदाजानं सांगेल, तेवढं पुरे. दोन-तीन आठवडे तो रकाना भरला, की नवी बॅटरी घ्यायची की नाही, यावर घरात वाद उरणार नाही.