घाम गळतो, पण वाळत नाही

वरसावे नाका मागे टाकून ठाण्याच्या दिशेने निघाले की घोडबंदर रस्त्यावर चेणे लागते. एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी. उन्हाळ्यात इथला पारा नागपूरपेक्षा खालीच असतो, तरी दुपारी जीव नकोसा होतो. रोजेदाराचा होतो, रोजा नसलेल्याचा होतो आणि झाडावर चोच उघडी टाकून बसलेल्या कावळ्याचाही होतो.

याचे कारण घरातल्या माठात सापडते. माठ पाझरतो, ते पाणी हवेत उडून जाते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. विदर्भाच्या कोरड्या हवेत माठ थंडगार होतो, वाळ्याचा कूलरही खोली गार करतो. खाडीकाठची हवा आधीच ओली. ती आणखी पाणी कुठून घेणार? म्हणून इथे तोच माठ बेताचाच गार होतो आणि कूलर लावला तर भिंती तेवढ्या दमट होतात.

माणसाची कातडी हा असाच माठ आहे. शरीराचे तापमान 37 अंशांच्या आसपास राखायचे, तर आत तयार होणारी उष्णता बाहेर टाकावी लागते. एक लिटर पाणी गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या जवळजवळ सहापट उष्णता एक लिटर घाम वाळताना घेऊन जातो. मात्र तो वाळला पाहिजे. टपटप गळून सदऱ्यात मुरलेला घाम शरीराच्या हिशेबात वायाच जातो. पाणीही गेले, मीठही गेले आणि गारवा मिळालाच नाही. कोकणपट्टीतल्या उन्हाळ्याचे खरे दुखणे हे आहे.

हवामान खात्याला हे ठाऊक आहे. म्हणून उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात 40 अंशांपासून सुरू होतो, तर किनाऱ्यावर 37 पासूनच. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला. त्यात 14 माणसे दगावली. मृत्यूचा आकडा ऐकून पारा किती चढला होता असे लोक विचारतात. हवेत ओल किती होती, वारा होता का आणि डोक्यावर सावली होती का, हेही तितकेच विचारायला हवे.

इतर प्राण्यांची तऱ्हा वेगळी. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथीच नाहीत. कावळा उघड्या चोचीने धापा टाकतो, तेव्हा घशातली ओल उडून त्याला गारवा मिळतो. पाण्याची बचत तो दुसरीकडून करतो. त्याची विष्ठा पांढरी आणि घट्ट असते, कारण आपण लघवीतून पाण्यासोबत टाकतो तो कचरा पक्षी जवळजवळ पाण्याविनाच टाकतात. कुत्रा जीभ बाहेर काढून लहालहा करतो. वाघळे झाडावर उलटी लटकून पंखांनी वारा घेतात, अंग चाटून ओले करतात. म्हशीला गाईच्या मानाने घाम फारच कमी, त्यात कातडी काळी. पाण्यात डुंबते ती आळसाने नव्हे. बाहेरचे पाणी ती घामासारखे वापरते.

डोंगरातल्या बिबट्याचा उपाय सर्वांत साधा. दिवसा सावलीत पडून राहायचे आणि कामे रात्री उरकायची. उन्हाळ्यात ओढे आटले की जंगलातले थोडेच पाणवठे उरतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री येऊरच्या जंगलात मचाणावर बसून प्राणी मोजतात, ते याच भरवशावर.

आणि उंट? त्याच्या वशिंडात पाणी नसते, चरबी असते. गेल्या शतकात, 1950 च्या दशकात, क्नुट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाने सहारात उंटांचा अभ्यास केला. पाणी मिळेनासे झाले की उंट दिवसभर अंग तापू देतो, सकाळचे 34 अंश दुपारी 40 वर गेले तरी घाम जपून ठेवतो आणि साठलेली उष्णता वाळवंटातल्या थंड रात्री सोडून देतो. ही युक्ती चेण्यात चालणार नाही. इथे रात्रच गार होत नाही. शिवाय माणसाचा मेंदू 40 अंशांना गोंधळू लागतो.

माणसाजवळ मूत्रपिंडे आहेत. रक्त जरासे दाट झाले की मेंदू एक संप्रेरक सोडतो, मूत्रपिंडे पाणी राखू लागतात आणि तहान लागते. रोज्यात दुपारनंतर लघवी कमी व गडद होते ती यामुळे. निरोगी माणूस हा ताण सोसतो आणि मगरिबनंतर भरपाई करतो. सहेरीला तांब्याभर पाणी एकदम ढोसून मात्र उपयोग नाही. एकाच वेळी प्यालेले जास्तीचे पाणी दोन-तीन तासांत निघून जाते. इफ्तारपासून थोडे थोडे पीत गेल्यास ते अंगी लागते. कलिंगड बरे, खारवलेली भजी तहान वाढवतात. आजारी आणि प्रवासी यांना रोजा पुढे भरून काढण्याची सवलत मुळातच आहे, ती घेण्यात कमीपणा कसला?

उन्हात राबणाऱ्या मजुराचे गणित वेगळे. जड कामात तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. चक्कर, पेटके, मळमळ आली की काम थांबवून सावली आणि पाणी, मग रोजा असो वा नसो. माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजावा. 108 ला फोन करावा, कपडे सैल करावेत, अंगभर पाणी ओतून जोराने वारा घालावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते.