मुळे म्हणजे पावले

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपण क्षणिक गोष्टीसाठी वापरतो. तीन दिवस म्हटले की भाद्रपदातली गौरही आठवते: अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन. कोकणपट्टीत अनेक घरांची गौर तेरड्याचीच असते. रोपे मुळासकट आणायची, कारण मुळे म्हणजे गौरीची पावले. मग जुडी बांधून तिला साडी नेसवायची, दागिने घालायचे. रानफुलापासून देवतेची आकृती घडवणारी ही घरगुती कला आहे. तिची सुरुवात पायपिटीने होते.

खारदांड्यासारख्या कोळीवाड्यातून पाहिले की या पायपिटीचा अर्थ उलगडतो. ‘खार’ म्हणजे भरतीच्या पाण्याने खारावलेली जमीन. तेरडा तिथला नव्हे; त्याला पावसाळी डोंगरउतार आणि ओलसर बांध मानवतात. म्हणजे तेरड्याच्या गौरीसाठी समुद्राकडे तोंड असलेल्या घराला वर्षातून एकदा डोंगराकडे वळावे लागते. दांड्यालगतच्या पाली हिलवर आज इमारती उभ्या आहेत.

तेरड्याच्या पिकलेल्या शेंगेला हात लागताच ती तडकते आणि बी उडते. त्यामुळे रोप उपटणारा हातच नकळत पुढच्या वर्षाची पेरणी करतो. तोडणे आणि राखणे इथे एकाच कृतीत येते.

कारवीचेही असेच. सात वर्षे वाढून आठव्या वर्षी ती जांभळी फुलते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २०१६मध्ये ती फुलली होती. तिच्याच काठ्यांचे कूड शेणाने लिंपून वारली स्त्रिया त्यावर तांदळाच्या पिठाने चित्रे काढत आल्या. झुडूप इथे चित्राचा विषय असण्याआधी चित्राची भिंत असते. दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्र’मध्ये (१९५६) बारा महिन्यांची निसर्गरूपे शब्दांत आणली, त्यामागेही पाहण्याची अशीच दीर्घ सवय आहे.

आज तेरड्याची जुडी बाजारात विकत मिळते. ती कोणत्या उतारावरून आली, हे विचारावेसे वाटत नाही. म्हण टिकेल, पूजाही टिकेल. पण तेरडा कुठे उगवतो हे ठाऊक असलेली माणसे कमी होतील. मुळांना पावले म्हणणाऱ्या परंपरेत देवी चालत घरी येते. तिची वाट माहीत असणे, हाही त्या पूजेचाच भाग होता.