९ एच म्हणजे नक्की किती? मोबाइलची टफन ग्लास निवडताना

मोबाइलच्या दुकानात टफन ग्लास मागितली, की समोर दोन पाकिटं येतात. एक १०० रुपयांचं, एक ४०० चं. दोन्हींवर ठळक छापलेलं असतं: '९ एच'. मग वरचे ३०० रुपये कशाचे?

आधी या ९ एचचा निकाल लावू. पुष्कळांना वाटतं, हिरा कठीणपणात १०, म्हणजे ही काच हिऱ्याच्या खालोखाल. तसं मुळीच नाही. हिऱ्याचे १० हे मोहस मापपट्टीवरचे. हा 'एच' पेन्सिलीचा. शाळेत आपण एचबी वापरायचो ना, त्यातलाच. ९ एच ही फार कडक पेन्सिल. ती ठरावीक दाबानं ओढून चरा पडला नाही, की पृष्ठभाग ९ एच. ही चाचणी मुळात रंगांच्या आणि लेपांच्या थरांसाठी आहे. काचेवर पेन्सिलीनं चरा पडणार कसा? म्हणजे पाकीट खोटं बोलत नाही, पण काही सांगतही नाही. मोहस पट्टीवर काच साधारण साडेपाच-सहा आणि वाळूतलं क्वार्ट्झ ७. म्हणून किल्ली खिशात असली तरी सहसा निभावतं, वाळूचा एक कण मात्र ओरखडा काढतो. बांधकामावर राबणाऱ्यानं महागडी ग्लास घेतली तरी चरे पडणारच. त्यानं स्वस्तातली घेऊन वरचेवर बदलावी, असं आमचं मत.

मग ती 'टफन' होते कशी? साधारण ०.३३ मिलिमीटरची काच तापवून एकदम गार केली, तरी तिचा गाभा आणि पृष्ठभाग जवळजवळ एकदमच गार होतात, म्हणून गाडीच्या काचेची रीत इथे चालत नाही. ही काच सुमारे ४०० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवून ठेवतात. पृष्ठभागातले सोडियमचे आयन बाहेर पडतात आणि त्या जागी मोठे पोटॅशियमचे आयन शिरतात. लोकलच्या बाकावरून बारीक माणूस उठला आणि तिथे धिप्पाड माणूस बसला, की सगळे आवळले जातात, तसंच. तडा जायचा तर आधी हा दाब मोडावा लागतो. फोनची स्वतःची काचही बहुधा अशीच केलेली असते.

पण कड कापताना बारीक टवके उडाले आणि ते नीट घासले नाहीत, तर तडा तिथूनच सुरू होतो. तेव्हा पाकीट उघडून कडेवरून नख फिरवा. अडकलं, तर ग्लास परत द्या. २.५ डी म्हणजे गोलाई दिलेली कड. ११ डी, २१ डी वगैरे नुसती दुकानदारी. पाण्याचा एक थेंब टाका. तो पसरला नाही, मोत्यासारखा राहिला, तर वरचा लेप ठीक आहे.

आता गोंद. तो फक्त कडेला असेल तर मध्ये हवा राहते, आणि स्क्रीनखालचा अल्ट्रासॉनिक फिंगरप्रिंट सेन्सर अडतो, कारण ध्वनिलहरींना ती फट ओलांडता येत नाही. असा फोन असेल तर पूर्ण गोंदाची, त्याच मॉडेलसाठी केलेली ग्लास घ्या. २०१९ मध्ये सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस १० वर काही सिलिकॉन कव्हरांच्या आतली नक्षीच सेन्सरनं बोटाचा ठसा समजून नोंदवली होती. मग कुणाच्याही बोटानं फोन उघडायचा. कंपनीनं तो दोष अपडेट देऊन दुरुस्त केला. तरीही ग्लास बसवून ठसा पुन्हा नोंदवलात, तर सोबतच्या माणसाचं बोट लावून पाहा. फोन उघडला, तर ती ग्लास तिथेच काढून ठेवा. यूपीआयचे पैसे त्याच फोनमध्ये आहेत.