साच्याच्या पोलादाला धार कोणती?

मोल्ड आणि डाय ज्या पोलादातून कोरतात, ते मुळातच कणखर असते. प्लॅस्टिकच्या साच्यांचे पी-२० पोलाद रॉकवेल ‘सी’ मापावर साधारण ३० भरते. वितळलेल्या ॲल्युमिनियमचा मारा सोसणारे एच-१३ कठिणीकरणानंतर ४५ ते ५० वर, तर पत्रा कापणाऱ्या डायचे डी-२ साठच्या आसपास जाते.

असे पोलाद कापणारी धार तापल्यावरही कठीण राहावी लागते. हायस्पीड स्टील सुमारे ६०० अंश सेल्सियसपर्यंत टिकते. त्यापुढे कार्बाइड लागते. १९२३ च्या सुमारास बर्लिनमध्ये ऑसराम कंपनीच्या कार्ल श्रोटर यांनी टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टसह दाबून, भाजून ते तयार केले. कोबाल्ट वाढवले की धार धक्के सोसते, पण लवकर झिजते. म्हणून रफिंग आणि फिनिशिंगसाठी कार्बाइडची प्रत वेगळी असते. टायटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइडच्या कोटिंगवर उष्णतेने ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर धरतो आणि तो धारेचे रक्षण करतो. कठीण पोलादावर अशी हत्यारे बहुधा कूलंटऐवजी हवेच्या झोतात चालवतात. वारंवार तापून-निवून धारेला तडे जाण्याचा धोका त्यामुळे टळतो.

हिरा सर्वांत कठीण असला, तरी पोलादावर चालत नाही. तापल्यावर त्यातला कार्बन लोखंडात विरघळतो. तिथे १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये प्रथम बनवलेले घन बोरॉन नायट्राइड उपयोगी पडते.

आकारही तितकाच महत्त्वाचा. रफिंगला गोल इन्सर्टचे कटर, तर वक्र पृष्ठभागाच्या फिनिशिंगला बॉल नोज. बॉल नोजच्या टोकाच्या मध्यबिंदूवर कापण्याचा वेग शून्य असतो. तिथे धातू कापला न जाता घासला जातो. १० मिलिमीटरचे हत्यार ०.२ मिलिमीटर खोल चालवले, तर प्रत्यक्ष कापणारा व्यास २.८ मिलिमीटरच असतो. फेरे त्यावरूनच ठरवावे लागतात. शक्य तिथे हत्यार १०-१५ अंश कलते धरतात. दोन पासांतले अंतर ०.३ मिलिमीटर ठेवल्यास मधला उंचवटा सव्वादोन मायक्रॉनचा राहतो. अंतर दुप्पट केले की तो चौपट होतो.

खोल साच्यात हत्याराची बाहेर आलेली लांबी दुप्पट झाली, की त्याच बलाने ते आठपट वाकते. पोलादाच्या सुमारे तिप्पट ताठ असलेली कार्बाइडची शँक तिथे कामी येते. आतला काटकोनी कोपरा मात्र फिरत्या कटरला साधत नाही. तो ग्राफाइट किंवा तांब्याच्या इलेक्ट्रोडने, विजेच्या ठिणग्यांनी कोरतात. ते इलेक्ट्रोड घडवायलाही पुन्हा मिलिंगच लागते आणि ग्राफाइटवर हिऱ्याचे कोटिंग उत्तम चालते.