हिमगौरीचा चित्रपट : प्रवाद आणि वस्तुस्थिती

वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रशाळेत निर्माण झालेला ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’ हा चित्रपट, ज्याची नायिका मराठी बालवाचकांना हिमगौरी या नावाने परिचित आहे, २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिस येथील कार्थे सर्कल चित्रगृहात प्रथम दाखविला गेला. आणि तेव्हापासून त्याच्याभोवती जितकी कीर्ती, जवळजवळ तितकेच प्रवादही गोळा होत आले. हे प्रवाद वरकरणी निरुपद्रवी भासतात. परंतु ज्या कलावंतांनी वर्षानुवर्षे डोळे आणि बोटे झिजवून हे चित्र उभे केले, त्यांचे श्रम या प्रवादांमुळे झाकले जातात, आणि म्हणूनच त्यांची छाननी मला अगत्याची वाटते.

हा जगातील पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट होय, हे विधान तर सर्रास केले जाते. वास्तविक अर्जेंटिनातील किरिनो क्रिस्तियानी यांनी कापलेल्या कागदी आकृत्या हलवून १९१७ मध्येच ‘एल आपोस्तोल’ हा दीर्घ चित्रपट केला होता, जो आज उपलब्ध नाही. आणि जर्मनीतील लोटे रायनिगर या विदुषीने कात्रीने घडविलेल्या छायाकृतींतून राजपुत्र अहमदाची कथा १९२६ मध्ये पडद्यावर आणली, ती आजही पाहता येते. हिमगौरीचा मान वेगळा आहे आणि तोही लहान नाही: पारदर्शक सेल्युलॉइडवर हाताने रेखून रंगविलेला तो पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट होय.

दुसरा समज याहून खोल रुजलेला आहे. ही चित्रे स्वतः डिस्ने यांनी काढली, असे पुष्कळांना वाटते. पण त्यांनी चित्रपटांसाठी हाती पेन्सिल धरणे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातच सोडून दिले होते. त्यांचे कर्तृत्व कथा सांगण्यात, माणसे पारखण्यात आणि समाधान होईपर्यंत काम परत पाठविण्यात होते, आणि त्या कर्तृत्वाला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु नायिकेच्या हालचाली प्रामुख्याने हॅम लस्क आणि ग्रिम नॅटविक यांच्या हातच्या आहेत. राणीचा थंड दर्प आर्ट बॅबिट यांचा, तिचे जख्ख चेटकिणीचे रूप नॉर्मन फर्ग्युसन यांचे. बुटक्यांची व्यक्तिमत्त्वे फ्रेड मूर आणि व्लादिमीर टिटला यांनी घडविली. आणि हिमगौरीच्या शवाभोवती मूकपणे अश्रू ढाळणाऱ्या बुटक्यांचा तो प्रसंग, रेघांची चित्रे पाहून प्रेक्षक रडेल काय या शंकेला ज्याने कायमचे उत्तर दिले, तो तरुण फ्रँक थॉमस यांचा. या साऱ्यांना डॉन ग्रॅहम नावाच्या शिक्षकांनी शरीररचना आणि गती यांचे धडे सायंवर्गांत दिले होते. कागदावरील प्रत्येक आकृती सेल्युलॉइडवर शाईने उतरवून तिच्या पाठीमागून रंग भरणाऱ्या स्त्रियांचा एक मोठा विभागच होता. त्या स्त्रियांची नावे चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नाहीत. हिमगौरीला आवाज देणाऱ्या ॲड्रियाना कॅसेलोटी यांचेही नाही.

जिवंत नर्तकीचे चित्रण करून त्यावरून सारे गिरविले, असाही आक्षेप घेतला जातो. मार्जरी बेल्चर या नर्तकीचे असे चित्रण झाले होते आणि काही मानवी पात्रांच्या प्रसंगांत त्याचा आधार गिरविण्यापर्यंत घेतला गेला, हे खरेच. तथापि नुसत्या गिरविलेल्या आकृतीला वजन येत नाही, ती पाण्यात तरंगल्यासारखी हलते, हे या कलावंतांना अनुभवाने ठाऊक होते, म्हणून त्यांनी प्रमाणे बदलली, हालचालींतील काही गाळले, काही वाढविले. त्यांची कला या निवडीत आहे.

कथेविषयीही गल्लत होते. राजपुत्राच्या चुंबनाने नायिका जागी होणे ग्रिम बंधूंच्या संग्रहात नाही; तेथे शवपेटी वाहणारे सेवक अडखळतात आणि त्या हिसक्याने घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. त्यांच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत तर दुष्ट राणी ही सावत्र आई नसून मुलीची जन्मदात्रीच होती. ग्रिम यांचे बुटकेही निनावीच आहेत.

राहिला प्रश्न पैशाचा आणि मानसन्मानाचा. अडीच लाख डॉलर्सची मूळ तरतूद वाढत वाढत सुमारे पंधरा लाखांवर गेली, बँक ऑफ अमेरिकेकडून कर्ज काढावे लागले, आणि चित्रपटव्यवसायातील जाणते लोक या उद्योगाला डिस्ने यांचा वेडेपणा म्हणू लागले. चित्रपटाने भरघोस यश मिळवून हे म्हणणे खोटे पाडले. मात्र त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, ही समजूत चुकीची आहे. १९३९ मध्ये डिस्ने यांना एक मोठी आणि सात लहान बाहुल्या देण्यात आल्या, त्या विशेष सन्मान म्हणून.

या यशानंतर सारे सुखाने नांदले, हा शेवटचा गैरसमज. नफ्यातून बरबँक येथे नव्या इमारती उभ्या राहिल्या खऱ्या, पण १९४१ मध्ये तेथेच चित्रकारांचा संप झाला. संघटनेचे काम करणाऱ्या बॅबिट यांना कामावरून दूर करण्यात आले होते, आणि टिटलाही संपकऱ्यांच्या बाजूला उभे राहिले. राणी घडविणारा हात आणि बुटके घडविणारा हात, दोन्ही मालकाच्या विरुद्ध फाटकाबाहेर होते, ही गोष्ट या चित्रपटाच्या इतिहासातून वगळणे मला अन्यायाचे वाटते.

या चित्रपटाचा एक धागा आपल्याकडेही येऊन पोहोचतो: डिस्ने यांच्याकडे ॲनिमेशनच्या विद्येत मुरलेले आणि हिमगौरीवरही काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले. भारतीय ॲनिमेशनचे पुढील अध्वर्यू राम मोहन हे त्यांच्याच हाताखाली शिकले, आणि १९५७ मध्ये त्या विभागातून जातककथेवरील ‘द बनियन डीअर’ हा ॲनिमेशनपट बाहेर पडला.