सोनेरी घड आणि बिथरलेला शिपाई

1806 साली पॅरिसच्या सँ-लुई रुग्णालयात झाँ-लुई आलिबेर या त्वचारोगतज्ज्ञाने एका रुग्णाच्या अंगावर अळंबीसारख्या गाठी पाहिल्या. पुढे त्या आजाराचं नाव पडलं ‘मायकोसिस फंगॉइडिस’. नावात बुरशी आहे, आजारात मात्र बुरशीचा मागमूस नाही. तो त्वचेतल्या टी-पेशींचा कर्करोग, म्हणजे लिम्फोमा. रोगजंतूंशी लढायला तैनात असलेला एक शिपाईच बिथरतो आणि स्वतःच्या प्रती काढत सुटतो.

त्याला कोण फूस लावत असेल? संशय आहे तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूवर. सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षांच्या घडासारखा दिसणारा, वसाहत वाढली की सोनेरी रंग धरणारा हा जिवाणू निरोगी माणसांपैकी साधारण तिघांत एकाच्या नाकात निमूट राहतो. गळवंही बहुधा त्याचीच. लिम्फोमाने फाटलेल्या, भेगाळलेल्या त्वचेवर तर त्याचं फावतंच.

त्याची करामत वाचून मी थक्क झाले. प्रत्येक टी-पेशीला जणू एक कुलूप असतं. आपली किल्ली लागली तरच ती जागी होते. एका जंतूची किल्ली हजारो-लाखो पेशींतल्या एखादीलाच लागते. हा जिवाणू मात्र ‘सुपरअँटिजेन’ नावाची विषारी प्रथिनं सोडतो. ती किल्लीच्या भानगडीत पडत नाहीत. टी-पेशी आणि तिच्या समोरची पेशी यांना बाहेरूनच चिमट्यात धरून जोडतात, आणि पाचातली एक टी-पेशीसुद्धा खडबडून उठू शकते! त्या गदारोळात निरोगी पेशी जे रासायनिक निरोप धाडतात, त्यांनी शेजारच्या कर्कपेशीतली ‘स्टॅट-3’ ही कळ दाबली जाते. आपल्याच पेशी, नकळत, शत्रूला बळ देतात.

कोपनहेगनच्या संशोधकांनी 2019 मध्ये रोग बळावलेल्या आठ रुग्णांना शिरेतून तीव्र प्रतिजैविकं दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. औषध होतं जिवाणूंसाठी. पण त्वचा निवळली आणि कर्कपेशींचं विभाजनही मंदावलं. काहींना तो आराम कित्येक महिने पुरला. रुग्ण आठच होते, आणि हा रोगमुक्तीचा उपाय नव्हे, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. मुळात पहिली पेशी जिवाणूमुळेच बिथरते, असं यातून सिद्ध होत नाही. आधी कर्करोग त्वचेचं कवच मोडतो आणि मग त्या खिंडारातून जिवाणू आत शिरून आगीत तेल ओततो, असंही असू शकेल.